सगळं काढ

माझ्या धाकट्या बहिणीला घरात कुणी तिच्या खऱ्या नावानं हाक मारत नाही. ती गिचमिड. लाडात आली की गिचू, आई चिडली की पुन्हा गिचमिड, फक्त शेवटचा 'ड' जरा आपटून. हे नाव मी ठेवलं आणि मला त्याचा रास्त अभिमान आहे. लहानपणी तिच्या हातात कोरा कागद पडला की तो पुरता भरल्याशिवाय ती जागची हलायची नाही. घर काढलं की त्याला कौलं, कौलांवर धुराडं, धुराड्यातून धूर, धुरात पक्षी, पक्ष्याच्या चोचीत अळी, आणि त्या अळीच्या तोंडावर हसू. एवढं करून कोपऱ्यात नखाएवढी जागा उरलीच, तर तिथं ती एक मुंगी बसवायची. मुंगी एकटी पडेल म्हणून मग दुसरी.

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, तिथं मी बसते. मागे धुलाईची यंत्रं आणि इस्त्रीचं टेबल, तिथं बाबा असतात. आई नेमकी कुठे असते हे सांगता येत नाही, कारण ती सगळीकडे असते. दाराशेजारच्या काचेवर 'सर्व प्रकारचे डाग काढून मिळतील' असं लिहिलं आहे, आणि दारावर पाटी. गोष्ट या पाटीचीच आहे म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

ती पाटी गिचमिडनं शाळेत असताना रंगवली होती. दुकान नव्या जागेत हलवलं तेव्हा ठरलेला पेंटर आलाच नाही. आई वैतागली आणि तिनं रंगाचे डबे, ब्रश सगळं गिचमिडच्या ताब्यात दिलं. मग काय विचारता. पाटीवर इस्त्री, नळ, बादली, ढग आणि सूर्य दोन्ही, दोरीवर वाळणाऱ्या शर्टांची रांग, फेस, फेसाच्या बुडबुड्यांत चेहरे, आणि एका शर्टाच्या खिशातून डोकावणारं मांजर. दुकानाच्या नावाला जागाच उरली नाही, ते कडेला उभं लिहावं लागलं. एकदा एक बाई टोपलीत आजारी मांजर घेऊन आल्या आणि डॉक्टर कधी येतात म्हणून विचारू लागल्या. आम्ही फक्त कपडे धुतो हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला. त्या जाताना पुन्हा पुन्हा पाटीकडे बघत होत्या.

आईला मात्र त्या पाटीबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला खपत नसे. रोज सकाळी दुकान उघडलं की ती स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं पाटी पुसायची, मग रस्त्यापलीकडे जाऊन ती एकदा लांबून बघायची आणि परत यायची. विचारलं तर म्हणायची, वाकडी लागलीय का बघत होते.

अशी ही आमची कलाकार ग्राफिक डिझाइन शिकायला गेली. पहिलं वर्ष मजेत गेलं. तिथं बाजार काढा, गर्दी काढा, जंगल काढा अशी कामं असायची, आणि गर्दी काढण्यात गिचमिडचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या वर्षी लोगो आला, आणि लोगोबरोबर सर आले.

या सरांना मुलं खोडरबर म्हणतात. पेन्सिल ते लिहिण्यापेक्षा पुसण्यासाठीच जास्त वापरतात, आणि शब्दांच्या बाबतीत तर त्यांच्याइतका कंजूस माणूस मी पाहिलेला नाही. टेबलांमधून फिरायचं, एखाद्या कागदावर गोल करायचा, बाजूला दोन शब्द लिहायचे आणि पुढं सरकायचं. तोंडानं बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. लोगोची त्यांची परीक्षाही ठरलेली. कुणाला तरी लोगो दाखवायचा, झाकायचा, आणि आठवून काढायला सांगायचं. हाताला आठवला तर तो लोगो, नाही आठवला तर ते नुसतं चित्र.

शेवटच्या वर्षी सर लोगोचा एक खास वर्ग घेतात आणि त्यात मोजक्याच मुलांना घेतात. अट एकच. मुलानं केलेला लोगो खऱ्या दुकानावर लागलेला हवा, आणि दुकानदारानं तो राजीखुशीनं लावलेला हवा. ज्यांना हे जमत नाही ती मुलं खोक्यांच्या वर्गात जातात. तिथं बिस्किटांच्या नि साबणांच्या खोक्यांवर काय छापायचं ते शिकवतात. खरं सांगायचं तर खोक्यांच्या वर्गात गिचमिडचं सोनं झालं असतं. खोक्याला सगळ्या बाजूंनी भरायला जागा असते. पण तिला हवा होता लोगोचाच वर्ग. जे येत नाही त्याचाच ध्यास घ्यायचा, ही तिची जुनी खोड. मी एकदा तिला तसं म्हटलं तेव्हा ती जे बोलली ते माझ्या डोक्यात राहिलं.

"ताई, माझी चित्रं लोकांना आवडतात," ती म्हणाली, "पण आठवत नाहीत कुणाला."

मी गिऱ्हाइकाचे कपडे मोजायला घेतले.

दुसऱ्या वर्षाचं पहिलंच काम होतं रोपांच्या दुकानाचा लोगो. गिचमिडनं कुंडी काढली, कुंडीत रोप, शेजारी झारी, झारीतून पडणारे थेंब, वर सूर्य, खाली गांडूळ. गांडुळाच्या तोंडावर अर्थातच हसू. सरांनी एका पानाभोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'पान काढ.'

गिचमिड हरखून घरी आली. आजवर सगळे तिला पुरे कर, पुरे कर म्हणत आलेले, आणि इथं एक माणूस आणखी काढ म्हणतोय. तिनं लगेच त्या पानाशेजारी दुसरं पान काढलं, त्याला शिरासुद्धा दाखवल्या. पुढच्या खेपेला सरांनी लिहिलं, 'फांदी काढ.' हिनं फांदी काढली. नंतर आलं, 'थेंब काढ.' हिनं पाऊसच पाडला. 'गांडूळ काढ' असं आलं तेव्हा तर तिला भरूनच आलं, कारण ते गांडूळ एकटं आहे हे तिलाही खटकत होतं.

यात दोष कुणाचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझं म्हणणं, दोष त्या क्रियापदाचा. आपण चित्र काढतो आणि डागही काढतो. दुकान काढतो म्हणजे उघडतो, आणि नोकर काढतो म्हणजे घालवतो. चपला काढतो, झोप काढतो, आठवण काढतो, राग काढतो, दुसऱ्याच्या खोड्या काढतो. एवढी कामं एकाच शब्दाच्या गळ्यात घातल्यावर तो कधीतरी दगा देणारच. सर सांगत होते, काढून टाक. आमची शहाणी समजत होती, काढून दाखव.

सरांना वाटलं मुलगी आपली टिंगल करते. बाकीची मुलं त्यांच्यापुढे चळचळा कापायची, आणि ही एकटी जे नको म्हणावं ते दुप्पट करून हसतमुखानं समोर ठेवायची. त्यांचं अक्षर दर खेपेला अधिक ठळक होत गेलं. हिला वाटलं सरांचा उत्साह वाढतोय. शेवटी त्यांनी कागदाच्या मधोमध लिहिलं, 'सगळं काढ', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

रविवारी दुकान बंद असतं. गिचमिडनं बाजारातला सगळ्यात मोठा कागद आणला, बाबांचं इस्त्रीचं टेबल मोकळं करवून घेतलं आणि दिवसभर मान वर न करता सगळं काढलं. दुकान, दुकानाचा मालक, त्याची बायको, रोपं उतरवणारा ट्रक, ट्रकचा जांभई देणारा ड्रायव्हर, जमिनीखाली मुळं, मुळांखाली गोगलगायींचं खटलं, गांडुळांची तर वसाहत. आणि सगळं म्हणजे सगळं, म्हणून कोपऱ्यात पेन्सिल हातात घेतलेले सरही. बाबा चहाचा कप घेऊन बराच वेळ बघत उभे राहिले. बाबा मुळात कमी बोलतात. ते म्हणाले, "टेबल उद्या मिळेल ना?"

वर्गात तो कागद उलगडायला दोन टेबलं जोडावी लागली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी विचारलं, मी काय लिहिलं होतं?

"सगळं काढ," गिचमिड म्हणाली.

"मग?"

"काढलं, सर. फक्त ट्रकच्या मागचं राहिलं."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते स्टुलावर खाली बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. सरांना काहीतरी होतंय असं वाटून एका मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली, पण ते हसत होते. त्यांना हसताना त्या कॉलेजात कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते ओळखायलाच वेळ लागला. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि सांगितलं की इथून पुढे तुझ्यासाठी वेगळा शब्द, 'उडव'. आणि आता हे सगळं उडव.

गिचमिड घरी आली ती तोंड एवढंसं करून. इतके दिवस आपण उलट्याच दिशेनं पळत होतो आणि वर्गात शोभा झाली ती वेगळीच. मी सगळी हकीकत ऐकली आणि हसले. सख्ख्या बहिणीचा हक्क आहे तो, आधी हसले आणि मगच तिला जवळ घेतलं. ती माझ्या खांद्यावर मनसोक्त रडली. गिऱ्हाइकाला द्यायचा ब्लाउज मी त्याच खांद्यावर टाकला होता, तो नंतर पुन्हा धुवावा लागला.

पण आमच्या घरात काहीच बेतानं होत नाही. उडव म्हटल्यावर हिनं असं उडवायला घेतलं की कागदावर काही उरेना. पुढच्या खेपेला तिनं एक आडवी रेघ नेली. हे काय, सरांनी विचारलं. माती, ती म्हणाली. आणि रोप? उडवलं. सरांनी पेन्सिल उचलली, थोडा विचार केला आणि लिहिलं, 'ओळख ठेव.' गिचमिडला एवढंच कळलं की भरणं चूक आणि रिकामं ठेवणंही चूक. यांतलं काय ठेवायचं हे कुणी ओळखायचं आणि कसं, हे काही कळेना. ती जेवताना ताटातल्या पदार्थांकडेसुद्धा यातलं काय उडवावं अशा नजरेनं बघायला लागली.

त्यातून मार्ग तिनं स्वतःच शोधला. लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत किंवा शिवणीपाशी धुऊन न जाणाऱ्या शाईनं बारीकशी खूण करतात. शंभर पांढरे शर्ट एकत्र धुतल्यावर कुणाचा कुठला हे त्या खुणेवरून कळतं. बाबांच्या खुणा म्हणजे रेघा, फुल्या आणि ठिपके. लहानपणी हे काम काही दिवस गिचमिडकडे होतं. तिनं वकीलसाहेबांच्या कॉलरमध्ये अख्खं न्यायालय काढलं, साक्षीदारांसकट. ते शाई पसरून बाहेरच्या बाजूला उमटलं. तेव्हा आईनं तिला कामावरून काढलं, आणि त्या वेळी तरी त्या शब्दाचा अर्थ तिला बरोबर कळला होता.

तेच काम तिनं आता पुन्हा मागून घेतलं. आईनं बजावलं की आधी जुन्या चादरीच्या पट्ट्यांवर सराव, गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावायचा तो त्यानंतर. कापड म्हणजे कागद नव्हे. शाई टेकली की पसरते, आणि जे जे नाजूक म्हणून काढलेलं असतं ते विरून जातं. दातांच्या डॉक्टरांसाठी तिनं हिरडी, मुळं आणि हसू असलेला दात काढला. तो पसरला. ती पट्टी तिनं पाण्यात बुडवली, उलटी धरली आणि बाबांसमोर नाचवली.

बाबा म्हणाले, "बटाटा."

तिनं हसू उडवलं. बाबा म्हणाले, बटाटा. हिरडी उडवली. बटाटा. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या काकांचा ट्रम्पेट बटाटा झाला, टॅक्सीवाल्याची टॅक्सी बटाटा झाली, बागेच्या माळ्याचं फूलही बटाट्यातच निघालं. बरेच दिवस आमच्या घरी बटाट्यांचं पीक आलं. मग एका दुपारी बाबांनी इस्त्री न थांबवता तिरक्या नजरेनं पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "दात." दाताची फक्त दोन टोकं उरली होती, बाकी सगळं गेलं होतं. गिचमिडनं ती पट्टी उशीखाली ठेवली.

नंतर हळूहळू खऱ्या कॉलरींवर खुणा उमटू लागल्या, आणि त्यात एक घोटाळाही झाला. वकीलसाहेबांची खूण म्हणजे गळ्यातला पांढरा बँड आणि पोस्टमनची खूण म्हणजे पाकीट. शाई पसरल्यावर दोन्हींचं एकच झालं, चौकोनात त्रिकोण. वकीलसाहेब काटकुळे आणि पोस्टमन चांगला भरलेला. साहेब त्या दिवशी न्यायालयात पोस्टमनचा शर्ट घालून उभे राहिले. संध्याकाळी ते बाह्या सावरत दुकानात आले आणि म्हणाले की न्यायाधीशांनी मध्येच कामकाज थांबवून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. आईनं त्यांची माफी मागितली आणि ते जाताच गिचमिडवर तोंड सोडलं. पण हिचं लक्ष कुठं होतं? तिचे डोळे चमकत होते.

"दोघांत सारखं आहे ते मी ठेवलं, ताई," ती म्हणाली. "वेगळं आहे ते ठेवायला पाहिजे होतं. सर हेच म्हणत होते."

पोस्टमनला पाकिटाऐवजी झिजलेल्या टाचेचा बूट मिळाला. त्यानंतर आमच्या दुकानात कुणाचा शर्ट कुणाकडे गेला नाही.

मग तिनं आमच्या लाँड्रीचा लोगो करायला घेतला. दुसरं कुठलं दुकान तिला विचारणार होतं म्हणा. आता उडवायचं काय हे तिला कळू लागलं होतं, म्हणून इस्त्री गेली, नळ गेला, बादली गेली, आणि एक शर्ट उरला. पण शर्ट तर शिंप्याचाही असतो. आपली ओळख डाग. म्हणून तिनं शर्ट काळ्या शाईनं भरत आणला आणि मग डाग कुठं काढावा याचा विचार करत बसली. काळ्या शर्टावर काळा डाग दिसेना. ती ब्रश तोंडात धरून तशीच बसून राहिली आणि मग एकदम आतून ओरडत काउंटरवर आली. छातीपाशी एक गोल तिनं भरायचाच सोडून दिला होता. काळा शर्ट, त्यावर एक स्वच्छ पांढरा गोल. तेवढंच. मी बघितलं आणि मला ते पटकन कळलं, आणि माझं चित्रकलेचं ज्ञान म्हणजे आनंद आहे.

सरांनी बघितलं आणि म्हणे एवढंच म्हणाले, "डाग काढलायस." गिचमिड म्हणाली, हो, काढलाय. दोघांपैकी कुणीही कुठला अर्थ ते विचारलं नाही. सरांनी फक्त आठवण करून दिली, दुकानावर लागायला हवा.

आणि इथं घोडं अडलं, कारण दुकानदार म्हणजे आई.

आईनं त्याचं नाव ठेवलं 'भोकाचा शर्ट'. पहिल्या दिवशी ती म्हणाली, आपण काय कपडे जाळतो का, भोक कशाला? गिचमिडनं सांगितलं की ते भोक नाही, तिथला डाग काढलाय. काढलाय तर दिसतो कसा, आई म्हणाली. काढलाय म्हणूनच दिसतो, असं हिनं सांगितल्यावर आईनं मला विचारलं की हिच्या कॉलेजात काय शिकवतात. दुसऱ्या दिवशी म्हणाली, काळा रंग अंगावर येतो. मग म्हणाली, लोक म्हणतील रंग संपला होता. रोज नवं कारण. गोल जरा वर हवा, बाह्या आखूड आहेत, शर्टाला बटणंच नाहीत. सरांना लोगो दुकानावर लावून दाखवायची मुदत जवळ येत होती आणि गिचमिडचं तोंड उतरत चाललं होतं. आईचा मला राग येत होता, आणि तिची कीवही येत होती. ती जुनी पाटी उतरवायला तिचा जीव धजत नव्हता. हे बाबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, फक्त गिचमिडला नव्हतं. तिला वाटत होतं की लोगोच वाईट आहे.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी सर स्वतःच दुकानात आले. हातावर कोट, कोटाच्या खिशापाशी शाईचा भला मोठा डाग. त्यांना बघताच गिचमिड हँगरवर टांगलेल्या ओव्हरकोटांमागे जाऊन उभी राहिली. खालून तिच्या चपला दिसत होत्या. सरांनी कोट काउंटरवर ठेवला आणि डाग काढून हवा म्हणून सांगितलं. आईनं बोटानं शाई घासून बघितली आणि बघते म्हणाली. मग सरांनी वर बोट दाखवून विचारलं, नवा लोगो लावणार का? आईनं त्यांनाही भोकापासून बटणांपर्यंत सगळी कारणं सांगितली. सरांनी एकाही कारणाला उत्तर दिलं नाही. त्यांनी कपडे गुंडाळायच्या कागदाचा एक तुकडा फाडला, आईसमोर ठेवला आणि तिच्या हातात पेन्सिल दिली.

"बाहेरची पाटी आठवून काढाल का जरा?"

"मला चित्र येत नाही," आई म्हणाली. "घरात एकीला येतं तेवढं पुरे."

"जमेल तसं."

आईनं इस्त्री काढली. मग नळ. मग बादली काढली आणि तिची पेन्सिल थांबली. ढग नळावर होता की सूर्यावर, हे तिला आठवेना. तिनं दाराकडे मान वळवली, पण आतून पाटीचा फक्त मागचा भाग दिसतो. "मांजर आहे त्यात," ती म्हणाली, "पण कुठल्या शर्टाच्या खिशात ते..." तिची पेन्सिल कागदावर टेकून तशीच राहिली. मला त्या सरांचा असा संताप आला की कोट त्यांच्या अंगावर फेकावा. रोज सकाळी स्टुलावर चढून पाटी पुसणाऱ्या बाईची परीक्षा घेतात का?

सर हळूच म्हणाले, "आता तो भोकाचा शर्ट."

आईनं कागद उलटला. रागानंच उलटला असावा. एक खांदा, बाही, खाली घेर, दुसरी बाही, दुसरा खांदा, आणि मध्ये गोल. पेन्सिल एकदाही अडली नाही. एक बाही लांब झाली होती, गोल जरा चपटा होता, पण तो तोच होता. बाबा इस्त्री हातात घेऊनच मागून डोकावले.

"शर्ट," ते म्हणाले. "डाग काढलेला."

आईनं कागद एकदा या बाजूनं बघितला, एकदा त्या बाजूनं. मग ती सरांना नाही, मलाही नाही, कागदालाच सांगावं तसं बोलली.

"ती पाटी मला आठवत नाही, म्हणून तर रोज जाऊन बघते. केवढीशी होती. हात कोपरापर्यंत निळे. मला म्हणाली, आई, अजून कुठं जागा उरलीय का बघ."

कोटांमागच्या चपला हलल्या आणि गिचमिड बाहेर आली. तिचं नाक लाल झालं होतं. तिला तेव्हा कुठं कळलं की आई नव्या शर्टाशी नाही, जुन्या मांजरासाठी भांडत होती.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "तीच पाटी राहू दे. मी खोक्यांच्या वर्गात जाते. तिथंही चांगलं शिकवतात."

ती हे मनापासून म्हणत होती, आणि मला तेच बघवेना. आईनं पेन्सिल सरांना परत दिली, पदर नसताना पदर खोचावा तसा हात कमरेवर ठेवला आणि गिचमिडकडे बघितलं.

"चित्र काढ," ती म्हणाली.

गिचमिड घुटमळली. या शब्दानं तिला आधीच एकदा तोंडघशी पाडलं होतं. "कुठलं, आई? जुनं की नवं?"

"दोन्ही."

जुनं चित्र बाबांनी त्याच दुपारी दारावरून काढलं, आणि नवं गिचमिडनं रात्री बसून पाटीवर काढलं. दुसऱ्या दिवशी तिथं काळा शर्ट लागला आणि सर तो रस्त्यापलीकडून बघून गेले. गिचमिडला वर्गात जागा मिळाली. सरांच्या कोटावरचा डाग मात्र निघाला नाही. काचेवरचे 'सर्व प्रकारचे' हे शब्द आता उडवावेत का, यावर घरात वाद चालू आहे. कोट दर महिन्याला येतो. गिचमिडनं त्यावर खूण केलेली नाही. ज्या कपड्यावर खूणच नाही तो सरांचा, असं तिनं बाबांना सांगितलंय, आणि तो कधी हरवत नाही.

जुनी पाटी आत लावली आहे, काउंटरसमोरच्या भिंतीवर, कामाच्या जागेवरून सरळ दिसेल अशी. आई ती अजून रोज पुसते, पण आता रस्ता ओलांडून जात नाही. मांजर अगदी कडेच्या शर्टाच्या खिशात आहे. हे ती आता न बघताही सांगते.